किल्लीसकट पाठवलेलं कुलूप

मी कुलूप बोलतोय. दारावर लोंबणारं पितळेचं नव्हे हो. मला तेल घालावं लागत नाही आणि खारी हवा मला खात नाही. मी कॉम्प्युटरातलं कुलूप. ईमेल पाठवण्याआधी माझं बटण दाबलं, की अख्ख्या पत्राचा मी असा काला करतो, की परवलीचा शब्द ठाऊक असल्याशिवाय ब्रह्मदेवालाही तो वाचता येऊ नये. अंगात एवढं बळ, आणि नशिबी आली काय, तर ही वाडी!

२००४ च्या गणपतीत मी एका सीडीवरून मिठबावच्या बाजूच्या एका वाडीत उतरलो. तिथले डॉक्टर म्हणजे भाई. त्यांचा पुण्याचा पुतण्या पुष्कर याने मला त्यांच्या दवाखान्यात बसवलं. कोल्हापुरातल्या ज्या मोठ्या डॉक्टरांना भाई रिपोर्ट पाठवत, त्यांच्याकडेही माझी जोडीची प्रत दिली. "पेशंटचं काहीही पाठवताना हे बटण दाबायचं," पुष्करने बजावलं, "आणि परवलीचा शब्द फोनवर सांगायचा. मेलमध्ये लिहायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवण्यात ही मंडळी फार पटाईत.

आता माझं दुखणं सांगतो. त्या वाडीत कॉम्प्युटर एकच आणि ईमेलचा पत्ताही एकच. भाईंनी मोठ्या मनाने तो सगळ्यांना वापरायला दिलेला. मच्छीमार सोसायटीची पत्रं त्यावर, जत्रेला कधी निघू म्हणून विचारणारे मुंबईकर त्यावर, कोणाच्या नातीचे फोटो त्यावर, आणि त्यातच कोणाची साखर वाढली नि कोणाच्या पोटात काय निघालं, तेही त्यावरच. दुपारी दवाखाना बंद झाला की सोसायटीचा सेक्रेटरी बाळा खुर्चीत बसायचा आणि पेपर चाळावा तशी सगळी पत्रं चाळायचा. यात चोरून काही नव्हतं. वाडीचा पत्ता, वाडीची पत्रं.

म्हणून तर माझी गरज होती ना! पण मला दाबतो कोण? पत्रं पाठवायची भाईंची कंपाउंडर प्रेमलता. तिचं आपलं एकच, "लाईट जावच्या आत मेल जावक व्हयी. ह्या कुलूप लावीत कोण बसतला?" दोन वर्षं मी पडद्याच्या कोपऱ्यात नुसता बसून होतो. माझ्यासमोरून लोकांची दुखणी उघडीनागडी कोल्हापूरला जात होती आणि मी चडफडत होतो.

मग विमला आली. कुणकेश्वरच्या रस्त्यावर तिची खानावळ. तिच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्यासाठी लोक वाट वाकडी करून यायचे. नवरा गेल्यावर दोन मुलींना तिने त्या चुलीवरच वाढवलं. तिच्या मानेला गाठ आली होती. भाईंनी तपासली.

"विमला, ह्यो गाठीचो टीबी. कोणाक लागणारो न्हय. औषध घेतलंस काय बरी होतलंस."

"माका कळला, डॉक्टर. पण लोकांका कळतला? टीबी म्हटल्यार माझ्या हातचा कोण जेवतलो? माझा नाव खंय भायर जावक नको." बोलताना तिने पदर मानेभोवती घट्ट ओढून घेतला.

"भियां नको गो," प्रेमलता म्हणाली. "कुलूप लावन धाडतंय."

काय सांगू मला काय वाटलं! एकदाचं कोणी मला दाबलं. परवलीचा शब्द तिने ठेवला 'कुणकेश्वर'. या देवाचं नाव साऱ्या वाडीच्या तोंडी दिवसातून दहादा येतं, पण म्हटलं असू दे, सुरुवात तर झाली. मी जीव ओतून त्या रिपोर्टचा काला केला. आणि त्याच्याखाली, त्याच पत्रात, प्रेमलताने स्वच्छ अक्षरांत लिहिलं : 'किल्ली : कुणकेश्वर.'

मला ओरडता येत नाही, हे माझं सगळ्यात मोठं दुर्दैव.

तिला दोष तरी कसा देऊ? ही माणसं परगावी जाताना घराला कुलूप घालतात आणि किल्ली शेजारणीकडे देऊन जातात. आलेल्या पाहुण्याची खोटी होऊ नये, हा त्यांचा धर्म. "त्या डॉक्टराक किल्ली कशी गावतली मगे?" असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि निर्धास्त मनाने घरी गेली.

दुपारी बाळा आला. पाठवलेल्या पत्रांत त्याला हा काला दिसला. एवढ्या पत्रांत कुलूप लावलेलं हे एकच, म्हणजे काहीतरी खास असणार! किल्ली खालीच होती. त्याने उघडलं आणि वाचलं. मनाने तो वाईट नव्हता. घरी जाऊन त्याने फक्त बायकोला सांगितलं, "कोणाक सांगू नको." तिनेही तसंच बजावून जावेला सांगितलं.

मासे खायच्या बुधवारी-शुक्रवारीही विमलाच्या खानावळीपाशी लोकांना उपास आठवू लागले. हा रोग लागत नाही, असं भाई ज्याला त्याला सांगत होते. लोक माना डोलवत होते. महाशिवरात्रीच्या जत्रेत इतर हॉटेलांत पाय ठेवायला जागा नव्हती आणि विमलाची बाकं रिकामी होती.

ती दवाखान्यात आली ती भांडायला नव्हे. "माका एकच सांग, प्रेमलता. कुलूप लावलंस ना?"

"लावलंय गो. देवाशपथ लावलंय."

"मगे कसा कळला?"

प्रेमलताने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "ह्या कुलूपच कायएक कामाचा न्हय." त्या दिवसापासून मला कोणी हात लावला नाही.

औषधं संपली, विमला बरी झाली. कोल्हापूरचं शेवटचं पत्र यायचं होतं. "कुलूप लावक सांगू?" प्रेमलताने दबकत विचारलं.

"नको गो. ह्या उघडाच येवंदे. बाळान वाचूंदे, त्याच्या बायलेन वाचूंदे."

पत्र उघडंच आलं. बाळाने पहिलं वाचावं म्हणून प्रेमलताने ते मुद्दाम उघडलं नाही. बाळा आला, त्याने बिनकुलपाच्या त्या पत्रावरून नुसती नजर फिरवली, जाळ्यांच्या अनुदानाचं पत्र शोधलं आणि तो उठून गेला. विमला चार-सहा वेळा डोकावून गेली. "वाचला काय गो कोणी?" मग तिने विचारणं सोडलं. खानावळही बंद केली. आता ती मालवणात दुसऱ्याच्या हॉटेलात मासळी साफ करते.

हे २०१० साल. उद्या हा कॉम्प्युटर भंगारात जाणार आणि त्याच्याबरोबर मीही. जाता जाता हात जोडून सांगतो : दुसऱ्याचं दुखणं पाठवताना ते बटण दाबा, आणि किल्ली माझ्या गळ्यात बांधू नका हो! तेवढं केलं असतंत, तर त्या रस्त्यावर आजही तिखल्याचा वास आला असता.

न वाचलेली पत्रं पडद्यावर ठळक काळ्या अक्षरांत दिसतात. त्या पत्राच्या विषयाच्या ओळीत लिहिलंय, 'विमला : पूर्ण बरी.' अक्षरं अजून ठळकच आहेत.