फुटलेली कुंडी

वृत्तवाहिनीच्या संकलन कक्षात ती अकरा वर्षं बातम्या कापत-जोडत होती. तिच्या वरिष्ठाला पाठीमागे सगळे भोंगा म्हणायचे. त्याला हळू बोलता यायचं नाही आणि खरं बोलायची सवय नव्हती.

त्या दुपारी इस्पितळाच्या फाटकाबाहेरचं चित्रीकरण आलं. सकाळपासून परिचारिका जमिनीवर बसून होत्या. चाळीस रुग्णांमागे एकच परिचारिका आहे, दुसरी द्या, एवढंच त्यांचं मागणं. दुसऱ्या रांगेत गुडघ्याला पट्टा बांधलेली तिची सख्खी आत्या होती.

भोंग्याने सगळं पळवत पाहिलं. "ही काय शोकसभा आहे?" मग एक कुंडी फुटताना दिसली आणि त्याची कळी खुलली. "हे घे! हेच फिरवत ठेव. मथळा टाक, परिचारिकांचा धुडगूस, रुग्ण वाऱ्यावर."

"कुंडी आपल्याच कॅमेरामनने फोडली, साहेब. आवाज ऐका ना."

"मग आवाज बंद कर. कुंडीवर काय नाव लिहिलंय कोणाचं?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण तिला शिसारी आली ती एकट्या भोंग्याची नाही. शिक्षकांच्या, बसचालकांच्या माथी असलेच मथळे तिनेच मारले होते. त्या गर्दीत आत्या नव्हती, म्हणून तेव्हा हात अडखळला नव्हता.

तिने कुंडीच लावली. आवाज मात्र ठेवला.

पाचच्या बातम्यांत धुडगुसाच्या मथळ्यावर घरोघरी ऐकू आलं, "अरे देवा, माझाच पाय लागला! बाई, लागलं का हो तुम्हाला?" त्यावर आत्या म्हणत होती, "मला काही नाही. तुझ्याच पायातून रक्त येतंय, बस इथे."

भोंगा धावत आला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आत्ताच आलं."

अर्ध्या तासात तिची नोकरी गेली. पिशवी घेऊन ती खाली उतरली, तेव्हा स्वागतकक्षातल्या पडद्यावर चार तज्ज्ञ एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. विषय होता, आंदोलकांच्या वाटेत कुंडी ठेवलीच कोणी? दुसऱ्या परिचारिकेबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

ती थेट इस्पितळाच्या फाटकाशी गेली. आत्याने सरकून जागा केली.

"काढलं वाटतं?"

"हो."

"बस." आत्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अकरा वर्षं लागली होय गं तुला?"