दोन घास

हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हनीफनं कमरेत वाकून सलाम केला. त्याचा तरी काय दोष? लाल कोट, सोनेरी बटणं, डोक्याला तुर्रेबाज फेटा. नाशिकच्या कलेक्टरसाहेबालाही हनीफनं एवढ्या थाटात कधी पाहिलं नव्हतं. होमीशेठ हसले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, की चाचा, तो दरवान आहे. हनीफ ओशाळला. पण आत पाऊल टाकतो न टाकतो तोच पांढरेशुभ्र कपडे आणि पांढरे हातमोजे घातलेला एक जण सामोरा आला, आणि हनीफचा हात पुन्हा कपाळाला लागलाच. तो वेटर निघाला. तेव्हा मात्र हनीफनं दोन्ही हात शेरवानीच्या खिशात कोंबले आणि मनाशी ठरवून टाकलं, की आता खुद्द लाटसाहेब समोर आले तरी हात बाहेर काढायचे नाहीत.

शेरवानी त्याची नव्हतीच. ती शेजारच्या हारुनभाईंची होती आणि मोहल्ल्यातल्या निम्म्याअर्ध्या नवरदेवांच्या अंगावरून फिरून आली होती. हनीफच्या गळ्याशी ती काचत होती. ज्याचा जन्म घोड्याच्या शेपटीमागं गेला, त्याला गळाबंद कपड्याची सवय कुठून असणार?

हनीफ नाशिकचा टांगेवाला. भद्रकालीच्या स्टँडवर त्याचा टांगा असायचा. होमीशेठ हा मुंबईच्या पारशी गिरणीमालकाचा मुलगा. ऐन विशीत छातीच्या दुखण्यानं त्याला धरलं, तेव्हा घरच्यांनी त्याला हवापालटासाठी आग्रा रोडवरच्या एका बंगल्यात आणून ठेवलं होतं. सकाळची मोकळी हवा घ्या, असं डॉक्टरनं सांगितलं आणि ती हवा खाऊ घालायचं काम हनीफच्या टांग्याकडे आलं. रोज उजाडायच्या सुमारास तो शेठना पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणी. थंडी कडक असली तर आपली घोंगडी त्यांच्या अंगावर टाकी आणि स्वतः कुडकुडत लगाम धरी. दोन हिवाळे असे गेले. शेठ बरे झाले, मुंबईला परतले, त्यांचं लग्नही झालं. आणि परवा अचानक मोटार घेऊन ते भद्रकालीत हजर झाले. म्हणाले, डॉक्टरला मोबदला मिळाला, तुम्हाला काय मिळालं? ते काही नाही, मुंबईला चला, साहेबलोक जेवतात तिथं माझ्या शेजारी बसून जेवा.

हनीफ नको नको म्हणत होता. आपण बरं नि आपला घोडा बरा, असा त्याचा स्वभाव. पण आत अंथरुणावर पडलेल्या सितारानं ते ऐकलं आणि शेठची पाठ वळताच तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "हॉटेलात चाललाय ना? मग तिथं नियाजचं विचारा. म्हणावं, अम्मी बोलावते."

नियाज म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. पोरानं टांगा हाकावा असं बापाला वाटे, आणि पोराला लिदीच्या वासाचा तिटकारा. एके दिवशी स्टँडवर चारचौघांत दोघांची जुंपली. पोरगा उलट बोलला आणि हनीफच्या हातातला चाबूक घोड्याऐवजी पोराच्या पाठीवर पडला. त्याच संध्याकाळी नियाज घरातून गेला तो गेलाच. पुढं कितीतरी दिवसांनी स्टेशनवरच्या गेणू हमालाला कुणा उतारूनं सांगितलं, की तुमच्याकडचा टांगेवाल्याचा पोरगा मुंबईत साहेबांच्या कुठल्याशा हॉटेलात आहे. एवढ्याच धाग्यावर सितारा जगत होती. मुंबईतली हॉटेलं म्हणजे भद्रकालीतल्या दुकानांसारखी एका ओळीत असतील, एकात विचारलं की दुसऱ्यातला माणूस सापडेल, असं तिला वाटे. हनीफला तसं वाटत नव्हतं. पण दुखणाईत बायकोला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

हॉटेल एका फ्रेंच मॅडमचं होतं. टेबलावर दुधासारखी चादर, आणि एका माणसापुढं इतके काटे नि सुऱ्या की हनीफच्या सगळ्या गणगोताला पुरून उराव्यात. होमीशेठनं खाण्याची यादी चाळली आणि विचारलं, "चाचा, मासा मागवतो. मासा तुम्हाला कसा पन चालतो ना? हलाल-हरामची भानगड नको." एवढ्या मोठ्या घरच्या मुलानं एवढी आठवण ठेवावी, यानं हनीफला भरून आलं. तो नुसती मान डोलावून बसला.

सूप घेऊन वेटर आला. त्यानं शेठपुढं बशी ठेवली, मग वळून हनीफपुढं ठेवली, आणि हनीफनं वर पाहिलं.

मिशी काढलेली होती. केसांना तेल लावून मधोमध भांग पाडला होता. अंग भरलं होतं. पण बापाला मुलगा ओळखायला काय लागतं? हनीफच्या घशात हाक आलीच होती. तेवढ्यात नियाजनंही त्याला पाहिलं. क्षणभर, फार तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत, तो थांबला. मग त्यानं नजर बापाच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे नेली, "सर" म्हणून मान किंचित लववली आणि तो निघून गेला.

ओळखलं नसेल, असं हनीफनं स्वतःला समजावलं. शेरवानीतला बाप त्यानं कधी पाहिला होता? पण मन खुळं असलं तरी डोळे खुळे नसतात. त्यानं ओळखलं होतं.

शेठ सूप पिताना विचारत होते, की चाची कशी आहे. नियाज पाण्याचं भांडं घेऊन परत टेबलाशी आला होता. हनीफ बोलला शेठशी, पण एरवी बोलत नसे इतक्या मोठ्यानं बोलला.

"चाचीचं काय सांगू शेठ. उठवत नाय आता तिला. दाराकडं तोंड करून पडून ऱ्हाते. म्हणते, पोरगा आला तर मला आधी दिसला पाहिजे."

शेठचा चमचा थांबला. ते म्हणाले, की मी उद्याच मोठा डॉक्टर पाठवतो.

"डॉक्टर झाला, हकीमबी झाला," हनीफ म्हणाला. "मी मारलं त्याला, ती चूक माझी. तिनं काय केलं? तिच्यासाठी एकदा यावं त्यानं. मी घरात थांबणार नाय पायजे तर. टांगा घेऊन जाईन कुठंबी."

नियाजनं हनीफचा पेला भरला, शेठचा भरला. पाण्याचा एक थेंबही चादरीवर सांडला नाही.

आणि मग होमीशेठना भलतंच सुचलं. भला माणूस, त्याला काय ठाऊक? पोराचं नाव आणि तो मुंबईत कुठल्याशा हॉटेलात आहे ही बातमी हनीफनं वाटेत सांगितली होती, पण पोराचा चेहरा शेठनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी बोटानं नियाजलाच जवळ बोलावलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. हनीफला त्यातले दोनच शब्द कळले, नाशिक आणि नियाज. नियाजनं सरळ उभं राहून उत्तर दिलं. शेठनं आणखी काही विचारलं, त्यानं तेही शांतपणे सांगितलं.

"नाय म्हणतो चाचा," शेठ हनीफला म्हणाले. "असा कोन मानूस त्याला ठाऊक नाय. हा निकलस हाय, गोव्याचा. मॅडम फक्त गोव्याचे ख्रिस्ती मानसं ठेवते, दुसऱ्या कोनावर तिचा भरवसा नाय."

नियाज अजून तिथंच होता. हातभर अंतरावर. हनीफनं नुसतं नाव घेऊन हाक मारली असती तरी झालं असतं. पण हाक मारली तर पोराची नोकरी जाणार, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. आणि खरं सांगायचं तर नोकरीचं कारण दुसरं. पहिलं कारण हे, की हाक मारल्यावरही पोरानं या म्हाताऱ्याला मी ओळखत नाही असं म्हटलं असतं, तर ते ऐकायची ताकद हनीफमध्ये नव्हती.

"नसंल ठाऊक," तो म्हणाला. "बंबई मोठी हाय."

मग मासा आला. शेठच्या बशीत मासा पिवळसर दाट रश्श्यात बुडालेला होता. हनीफच्या बशीत नुसता मासा, वर लोणी, बाजूला लिंबाची फोड. शेठ भडकले. माझ्या पाहुण्याला असं कोरडं वाढता, म्हणून त्यांनी नियाजला चांगलंच झापलं. नियाजनं सगळं ऐकून घेतलं आणि खालच्या आवाजात एक वाक्य बोलला. ते ऐकून शेठनी कपाळावर हात मारला.

"माफ करा चाचा, माझ्या ध्यानात नाय आलं. त्या रश्श्यात दारू टाकतात. याच्या ध्यानात आलं, म्हणून तुमचा मासा त्यानं वेगळा करून घेतला. हुशार मानूस हाय."

हनीफ बशीकडे पाहत राहिला. सगळा मासा काटे काढून, साफ करून आणलेला होता. शेठच्या बशीतल्या माशाला काटे होते. हनीफच्या डोळ्यांना धारा लागायच्याच बाकी राहिल्या. शब्दानं नाही म्हणाला, पण हातानं हो म्हणाला, असं त्याला वाटलं. गेलेलं सगळं परत येतंय, येत्या जुम्म्याला पोरगा दारात उभा राहील, इथपर्यंत त्याचं मन धावलं. तो चवीनं जेवू लागला. काटा-सुरी बाजूला ठेवून हातानं जेवला, आणि शेठनंही त्याला पाहून आपला काटा ठेवून दिला.

हनीफच्या घरात एक रीत होती. बापानं ताट कधी साफ करायचं नाही. शेवटचे दोन घास मुलासाठी ठेवायचे, आणि मुलानं बापाच्या ताटावर बसून ते खायचे. बापाच्या उष्ट्यात बरकत असते म्हणतात. नियाज लहानपणापासून ते दोन घास खात आला होता. बापाशी भांडण झालं की तो त्या ताटाला शिवत नसे, आणि राग गेला की गुपचूप येऊन ते घास खाऊन टाकी. मग कुणाला काही बोलावं लागत नसे. घर पुन्हा पहिल्यासारखं चालू लागे.

हनीफनं माशाचा मधला चांगला तुकडा आणि अर्धा पाव बशीच्या कडेला नीट सारून ठेवला. शेठ म्हणाले, की चाचा, आवडलं नाही का? हनीफ म्हणाला, की आवडलं तर, पोट भरलं.

नियाज बशा उचलायला आला. शेठची उचलली. मग हनीफच्या बशीवर त्याची नजर गेली आणि हात तिथंच थांबला. कडेला सारून ठेवलेले ते दोन घास बघून त्याला कळलं नाही, असं होणं शक्यच नव्हतं. हनीफ त्याच्या तोंडाकडे बघत होता. भीक मागावी तसं बघत होता. मग त्यानं बशी उचलली आणि तो आत गेला.

स्वयंपाकघराचं दार स्प्रिंगचं होतं. त्याच्यामागं ते लगेच मिटलं नाही, थोडा वेळ मागंपुढं हलत राहिलं. त्या फटीतून हनीफला मुलाची पाठ दिसली. आत एक मोठी बादली होती. नियाजनं शेठची बशी तिच्यात निरपली. मग बापाची बशी घेतली, तीही बादलीवर वाकडी केली, आणि बाकीच्या बशांवर नेऊन ठेवली. रोजचं काम करावं तशी त्यानं ती ठेवली. तोवर दार मिटलं.

पुढं गोड आलं ते दुसऱ्याच वेटरनं आणलं. हनीफनं ते शेठच्या मनासाठी खाल्लं. कशाचं होतं ते त्याला आठवत नाही. निघताना शेठ म्हणाले, की मी सगळ्या हॉटेलांत माणूस पाठवून तुमच्या मुलाचा शोध लावतो, तुम्ही काळजी करू नका. हनीफनं त्यांचे हात हातात घेतले आणि सांगितलं, की शेठ, तुम्ही लय केलं माझ्यासाठी, आता शोधू नका. शेठना त्याचं कारण कळलं नाही.

दुपारच्या गाडीनं तो परत निघाला. इगतपुरीला इंजिन बदलेपर्यंत गाडी थांबली, तेव्हा लोक उतरून चहा प्यायले, हनीफ जागेवरून हलला नाही. सिताराला काय सांगायचं याची तो जुळवाजुळव करत होता. पोरगा सुखात आहे, अंगानं भरलाय, चांगले कपडे घालतो, हे सांगितलं तर ती हरखून जाईल. पण मग ती विचारणार, की तुमच्याबरोबर आला का नाही? अम्मी बोलावते असं तुम्ही सांगितलं नाही का? तो अनेक वर्षं खोटं न बोलता टांगा हाकत आला होता, आणि आता बायकोशी खोटं बोलायचं तर धड खोटंही सुचत नव्हतं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. हारुनभाईंची बायको शकीला सितारापाशी बसली होती, ती उठून गेली. सितारानं आधी त्याला पाणी प्यायला लावलं. मग विचारलं.

"भेटला?"

"नाय," हनीफ म्हणाला. "त्या हॉटेलात नव्हता तो."

हनीफला वाटलं, आता ही रडणार. पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला, आणि ती त्याचीच समजूत घालावी तशी म्हणाली, "मग बराबर हाय. भेटला असता तर आलाच असता तुमच्यासंगं. माझं नाव ऐकून थांबला नसता तो."

हनीफ हो म्हणाला.

"मला वाटायचं, कुठंतरी तुम्हाला दिसंल आणि तोंड फिरवंल. तसं तर नाय ना झालं? मग झालं तर," असं म्हणून तिनं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिला चटकन झोप लागली. हनीफ तिच्या उशाशी भिंतीला टेकून बसून राहिला, आणि हुंदक्यानं ती जागी होऊ नये म्हणून बाईनं पदराचं टोक कोंबावं तशी त्यानं आपली बाही तोंडात दाबून धरली.