चार वाजेपर्यंत हाक मारू नये

एल्सिराला दिवसा झोप लागत नाही, हे चिलीतल्या ताल्काउआनो बंदराच्या त्या टेकडीवर कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. तशी ती लागत नव्हती ती निम्मी त्या कुत्र्यांमुळेच. सतरा वर्षं ती बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करत होती. रात्री अकरा ते सकाळी सात, पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या डब्यांत मासळीचे तुकडे भरायचे. मग टेकडी चढून घरी यायचं, हातांना लिंबू चोळून वास घालवायचा, चहापाव घ्यायचा आणि आठला आडवं व्हायचं. नेमकी तेव्हाच टेकडी जागी व्हायची. गॅसवाला चेचो सिलिंडरवर लोखंडी कांब बडवत यायचा, म्हणजे बायकांना कळावं की गॅस आला. त्याच्या मागून अंडीवाल्याची गाडी, भोंग्यासकट. दोघांच्या नावाने कुत्री बोंबलायची. तीन तास डोळ्याला डोळा लागला तरी एल्सिरा नशीब समजायची.

नवरा नोल्बेर्तो गोदीत हमाल होता. छातीच्या दुखण्याने त्याला वेळेआधीच घरी बसवलं होतं. तो सकाळी उठायचा तेव्हा ही झोपायला यायची, आणि तो आडवा व्हायचा तेव्हा हिची निघायची वेळ. "आपला बिछाना कधी गार पडत नाही," तो म्हणायचा, "एवढीच काय ती आपल्या संसाराची ऊब." लोक हसायचे. एल्सिराही हसायची, पण तिला ते लागायचं.

कारण सुट्टीच्या दिवशीही ती त्याची नव्हती. रविवारी तो स्वतः रस्सा रटरटवायचा, त्यात मक्याचं कणीस आणि भोपळ्याची फोड घालायचा, तिच्यापुढे वाडगा ठेवायचा आणि गोदीतला एखादा जुना किस्सा सुरू करायचा. किस्सा रंगात येईपर्यंत हिची मान वाडग्यावर कललेली. मग तो उरलेला किस्सा कमी आवाजात स्वतःलाच सांगून संपवायचा.

म्हणून विद्यापीठाचे डॉक्टर कारखान्यात आले आणि रात्रपाळीने झोप उडालेली माणसं औषधाच्या चाचणीसाठी हवीत म्हणाले, तेव्हा एल्सिराने पहिलं नाव दिलं. नावं घेणारी डॉक्टरीण फेर्रादा वयाने लहान होती, पण बोलायची सावकाश आणि समजेल असं, 'डोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणून मान देत.

"बारा आठवडे, डोन्या एल्सिरा. मनगटावर हा झोप मोजणारा पट्टा, रात्रंदिवस. सकाळी झोपण्याआधी एक गोळी. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती साखर. कुणाला काय, ते मलाही माहीत नसतं. चाचणी संपली की पाकिटं उघडतात."

"आणि मला साखर आली तर?"

"तर आम्हाला कळेल की साखरेने काही होत नाही. तेही लागतंच." मग कागदावर पेन टेकवून तिने विचारलं, "तुम्हाला यातून काय हवंय? हे मला लिहायचं असतं."

एल्सिराने जरा विचार केला. "मला नवऱ्याबरोबर एक आख्खा रविवार जागं राहायचंय."

डॉक्टरणीने ते तसंच लिहून घेतलं.

घरी नोल्बेर्तोने चष्मा लावून सगळे कागद वाचले, ओळीवर बोट ठेवून. एका ठिकाणी छापलं होतं की झोपेच्या वेळात शक्यतो उठवू नये. त्याने जाड पुठ्ठा घेतला, लाल रंगाने लिहिलं, 'चार वाजेपर्यंत हाक मारू नये', आणि दारावर ठोकला. 'शक्यतो' त्याने गाळून टाकलं. त्याच्या मते नियम म्हणजे नियम, त्यात शक्यतो आलं की माणसं सोकावतात.

पहिले तीन आठवडे काहीच फरक पडला नाही. गोळी घ्यायची, छताकडे बघत पडायचं, चेचोची कांब वाजली की उठून बसायचं. "साखरच आली गं बाई माझ्या नशिबी," एल्सिरा म्हणाली. "तोंड तरी गोड कर मग," नोल्बेर्तो म्हणाला. पण त्या दिवशी तो बराच वेळ खिडकीतून गल्लीकडे बघत होता.

चौथ्या आठवड्यात ती झोपली. मंगळवारी पाच तास, गुरुवारी सात. उठली तेव्हा उशीला लाळ लागलेली आणि गालावर चादरीच्या घड्या. तिला रडूच आलं.

"औषधच आहे रे म्हाताऱ्या. साखरेने कुणी असं झोपत नाही."

"मी काय सांगत होतो?" नोल्बेर्तो म्हणाला. तो नुकताच बाहेरून आला होता, लोकरीची टोपी ओली होती. ऑगस्टचा महिना, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा, बोचरा वारा आणि भुरभुर पाऊस.

"एवढ्या गारठ्यात कुठे होतास?"

"डॉमिनो. वस्तीच्या हॉलमध्ये. घरात बसून तुझं घोरणं ऐकू?"

तिने विश्वास ठेवला. झोपलेल्या माणसाला जगात काय चाललंय हे कसं कळावं? त्याचे ओठ फुटलेले असायचे, हात बर्फासारखे. तिने त्याला मोजे विणून दिले, आणि डॉमिनोवाल्यांना हॉलमध्ये शेगडी ठेवता येत नाही का म्हणून शिव्या घातल्या.

आणि रविवार आले. एक नव्हे, चांगले सहा. वाडगाभर रस्सा संपवून ती डोळे टक्क उघडे ठेवून बसायची आणि नोल्बेर्तोचे किस्से शेवटापर्यंत ऐकायची. बोटीतून आलेल्या माकडाने फोरमनची टोपी पळवली, हा किस्सा ती सतरा वर्षं अर्धाच ऐकत आली होती. शेवटी ते माकड फोरमनच्याच घरी राहिलं आणि अकरा वर्षं जगलं. एल्सिरा हसून हसून बेजार झाली. दुपारी दोघं खाली धक्क्यावर जायची, सोपाइपिया, म्हणजे भोपळा घातलेल्या तळलेल्या पुऱ्या, खायची, आणि दोन वर्षांनी तिची नोकरी संपली की रोजच रविवार, असं ठरवायची. आयुष्यात एवढं सुख तिने कधी बघितलं नव्हतं, आणि त्याचं सगळं श्रेय ती मनोमन त्या पांढऱ्या गोळीला देत होती.

दहाव्या आठवड्यातल्या एका बुधवारी ती चार वाजून दहा मिनिटांनी उठली. आठ तासांत एकदाही जाग नाही. आळस देत स्वयंपाकघरात आली तर तिथे गल्लीतल्या सहा-सात बायका बसलेल्या. कुणी बोलत नव्हतं. सगळ्या अनवाणी, आवाज होऊ नये म्हणून बूट दाराशी ओळीने काढून ठेवलेले.

शेजारची रुफिना उठली आणि तिने एल्सिराचे दोन्ही हात धरले.

"साडेदहाला पडला गं तो. कोपऱ्यावर. गाडी आली, इस्पितळात नेलं. दोन वाजता गेला."

"दोन वाजता," एल्सिरा म्हणाली. "साडेदहा ते दोन तो जिवंत होता?"

"होता."

"आणि मला कुणी उठवलं नाही?"

रुफिनाने तिचे हात सोडले नाहीत. "मी आले होते दारापर्यंत. पण त्याला स्ट्रेचरवर ठेवताना त्यानेच माझं मनगट धरलं. म्हणाला, चारपर्यंत तिला हाक मारायची नाही. दोनदा म्हणाला. मला शपथ घातली."

दारावर पुठ्ठा होताच. इतकी माणसं त्याच्यासमोर उभी राहून परत फिरली होती. नंतर सगळ्या अनवाणी आत शिरल्या आणि चार वाजण्याची वाट बघत बसल्या, कारण जिवंतपणी तो ज्या एका गोष्टीसाठी हट्टाला पेटला होता, ती मेल्यावर तरी कशी मोडायची?

घरच्या घरी दोन रात्री त्याला ठेवलं, मेणबत्त्या लावल्या, लोक येऊन गेले. एल्सिरा शवपेटीपाशी ताठ बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठाच्या दवाखान्यात गेली, मनगटावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला.

"मला फक्त सांगा, औषध होतं की साखर?"

"मला माहीत नाही, डोन्या एल्सिरा. खरंच नाही. मार्चमध्ये पाकिटं उघडतील."

"औषधच होतं. नाहीतर इतकी माणसं दारापर्यंत येऊन जातात आणि मला जाग येत नाही? तुमच्या गोळीने मला धरून ठेवलं. तो एकटा मेला."

डॉक्टरीण "मी स्वतः कळवीन," एवढंच म्हणाली.

सहा महिने एल्सिरा त्या गोळीच्या रागावर जगली. राग फार उपयोगी असतो, माणसाला उभं ठेवतो. रात्री कामावर जायची, सकाळी येऊन पलंगावर बसून राहायची. झोप पुन्हा गेली होती. गल्लीत मात्र दिवसभर कसलाच आवाज नसायचा. लोक दुखवटा पाळताहेत, असं तिला वाटायचं. कोपऱ्याकडे ती बघतही नसे, कामावर मागच्या पायऱ्यांनी जायची.

मार्चमध्ये निरोप आला. डॉक्टरीण फेर्रादाने तिला खुर्ची दिली आणि फार वेळ न घेता सांगितलं.

"साखर होती."

डॉक्टरणीने एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"पण झोप खरी होती. हा पट्ट्याचा आलेख बघा. तीन आठवडे कुठे काही नाही. चौथ्यापासून एकदम सुधारणा. साखर घेणाऱ्या दुसऱ्या कुणातही असं नाही. मी तुम्हाला विचारणारच होते, तेव्हा घरात काही बदललं होतं का?"

"काही नाही," एल्सिरा म्हणाली. म्हणजे औषधाने धरलं नव्हतं. तीच झोपली होती, स्वतःहून, ढाराढूर, नवरा मरत असताना. ज्याच्यावर रागवायचं ते काहीच उरलं नाही.

घरी परतताना तिला मागच्या पायऱ्यांचं भान राहिलं नाही. ती कोपऱ्यावर येऊन थांबली. तिथे विजेच्या खांबाला त्यांच्या स्वयंपाकघरातली एक खुर्ची तारेने बांधली होती. लोकांनी खुर्चीवर पत्र्याचं छोटं घर ठेवलं होतं, आत मेणबत्ती, बाजूला कागदी फुलं. माणूस रस्त्यात गेला की तिथे असं घर ठेवतात, त्यात नवल नव्हतं. पण ही खुर्ची इथे कशी?

वरून चेचो येत होता, तीनचाकीवर सिलिंडर लादून. कांब त्याने काखेत धरली होती. वाजवत नव्हता.

"ही खुर्ची कुणी आणली?" तिने विचारलं.

"त्यांनीच की." चेचो गाडीवरून उतरला. "तुम्हाला... रुफिना बोलल्या नाहीत?"

"काय?"

तो कांबेशी चाळा करत राहिला. "डोन नोल्बेर्तो इथे बसायचे. आठ ते चार. मी आलो की हात वर करायचे, मग इथून तुमच्या घरापर्यंत कांब बंद. अंडीवाल्याचा भोंगा बंद. कुत्र्यांना खिशातून हाडं. शाळेच्या बँडला तर ते स्वतः जाऊन सांगून आले, सराव खाली मैदानावर करा म्हणून. पावसातसुद्धा बसायचे. मी म्हटलं, जा घरी, मी नाही वाजवत. तर म्हणाले, तुझं ठीक आहे, नवा कुणी आला तर?"

"डॉमिनो खेळतो म्हणायचा."

"तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर तिला झोप लागायची नाही, म्हणायचे. गोळीवर विश्वास बसलाय तो बसू दे."

एल्सिराने पत्र्याचं घर उचलून पायाशी ठेवलं आणि ती खुर्चीवर बसली. इथून त्यांचं दार सरळ दिसत होतं, पुठ्ठ्यासकट. सहा आठवडे, थंडीत, दुखऱ्या छातीने तो या दाराकडे बघत बसला होता. आणि ती आत झोपून गोळीचे उपकार मानत होती.

"वाजव, चेचो," ती म्हणाली. "मी जागी आहे."

चेचोने दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. तीन वाजायला वीस मिनिटं होती.

"चार वाजू देत, डोन्या एल्सिरा. मी शब्द दिलाय."

तो गाडी ढकलत हळूच पुढे गेला. एल्सिरा बसून राहिली. वारा सुटला होता. अंडीवाला आला, भोंगा न वाजवता तिच्यासमोरून गेला आणि त्याने टोपी काढली. दोन कुत्री येऊन तिचे खिसे हुंगू लागली. तिच्याकडे द्यायला काही नव्हतं, तरी दोन्ही कुत्री पायाशी पडून राहिली.

चार वाजता खालच्या वळणावर चेचोने सिलिंडरवर पहिला ठोका मारला. मग दुसरा. खांबाला डोकं टेकून एल्सिरा सहा महिन्यांत पहिल्यांदा रडली. त्या दिवशी तिला कुणी उठवलं नव्हतं; आत्ता, चार वाजल्यावर, चेचोची कांब तिला उठवत होती.