मस्कतमधली व्याहीभेट

रमणरावांनी जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढली, दाराकडे तोंड होईल अशी वळवली, आणि मग स्वतःचंच हसू येऊन पुन्हा होती तशी ठेवली. परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन किती वर्षं लोटली, तरी कोण कुठे बसणार हे ठरल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. समोरच्या खुर्चीत त्यांचे व्याही तांगसाहेब पाठ ताठ ठेवून बसले होते. चीनमधल्या चिंगदाओच्या टायर कारखान्यात उभा जन्म काढलेला तो माणूस मानपानाच्या बाबतीत रमणरावांपेक्षाही अवघडलेला दिसत होता. दोघांच्या मधे, टेबलाच्या आखूड बाजूला, जिंग बसली. रमणरावांची सून, तांगसाहेबांची मुलगी, आणि आज दुभाषीही तीच.

देवेश बाळाला बाबागाडीत घालून खाली गेला होता. शुक्रवारची दुपार, मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतले रस्ते ओस, सावलीत तेवढा फिरवून आणतो म्हणाला. जाताना तो दाराशी थांबला होता.

"अप्पा, तुम्ही दोघं मोठे आहात. जे ठरवाल ते आम्हाला मान्य. फक्त आज ठरवा."

मोठ्यांचा मान राखायचा म्हणून पोरांनी हा घोळ करून ठेवला होता. बंटी, म्हणजे त्यांचा नातू, पुढच्या आठवड्यात वर्षाचा होणार होता. भारतीय वकिलातीत त्याची नोंद करायची तर ती वर्षाच्या आत, आणि करताना दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. चीनलाही दोन पासपोर्ट चालत नाहीत. तेव्हा मूल इकडचं की तिकडचं, एवढाच प्रश्न. देवेशने तो बापापुढे ठेवला, जिंगने तिच्या बापापुढे, आणि दोन्ही बाप विमानात बसून मस्कतला आले. पूर्वीही असंच व्हायचं, रमणरावांना वाटलं. ज्यांच्या दारात सीमा असते ते बाजूला, आणि बोलणी तिसऱ्याच गावच्या गार खोलीत.

त्या बोलण्यांनी त्यांचं आयुष्य खाल्लं होतं. तीन वर्षं बीजिंग, मग दिल्ली, आणि फेरीमागून फेरी. चर्चा मोकळेपणाने झाली असं पत्रकात आलं की समजायचं, कडाक्याचं वाजलं. पुन्हा भेटण्यावर एकमत झालं की समजायचं, बाकी कशावरच झालं नाही. मधेच कुठेतरी डोंगरावर काहीतरी घडायचं, विमानं बंद, व्हिसे बंद. मग कधीतरी दोन नेते हात मिळवायचे, फोटो छापून यायचे, आणि लोक म्हणायचे की आता सगळं सुरळीत होणार. सध्या पुन्हा ते फोटोंचे दिवस होते. रमणरावांनी असे फोटो पुष्कळ पाहिले होते आणि त्यांना आता त्यांचा कंटाळा आला होता.

मधल्या बंद काळातच देवेशचं लग्न झालं. जिंग मस्कतजवळ बरक्याला एका चिनी कंपनीच्या प्रकल्पावर हिशेब बघायची, देवेश मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसातून त्याच प्रकल्पाला माल पुरवायचा. लग्न झालं, पण सून काही सासरी येऊ शकली नाही. व्हिसाचा अर्ज केला की तो विचाराधीन. रमणरावांच्या पत्नी लीलावतीबाईंचे गुडघे असे की पुण्याच्या घरातला जिना उतरणंही त्यांना जड, विमान तर लांबच. सून आणि नातू त्यांनी फोनच्या काचेतच पाहिले होते. नातवाचा पासपोर्ट आपला असला म्हणजे त्याला तरी कुणी अडवणार नाही, ही त्यांची एकमेव आशा. रमणराव निघाले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "जन्मभर देशासाठी भांडलात. आता एकदा माझ्यासाठी भांडा."

म्हणून ते तयारीने आले होते. जिंगच्या मार्फत त्यांनी आपली बाजू इंग्रजीत मांडली. देवेश एकुलता एक, आजीला प्रवास जमत नाही, मुलाला पुढे शिकायलाही भारतच सोयीचा. आवाज चढवला नाही, पण कुठे फटही ठेवली नाही. जिंग एकेक वाक्य ऐकून घेत होती आणि वडिलांना चिनीत सांगत होती, काही न गाळता, काही न वाढवता. रात्रभर बाळ रडलं होतं, तिचे डोळे सुजले होते, आणि तरी ती बशीतल्या सुरमईचे काटे काढून वडिलांच्या पानात ठेवत होती.

ती शब्दाला शब्द सांगत होती हे रमणरावांना कळत होतं, कारण त्यांना चिनी येत होतं. बोलताना अडखळायचे, पण ऐकलेलं बहुतेक समजायचं. ही गोष्ट त्यांनी घरातसुद्धा कुणाला कळू दिली नव्हती. समोरच्याची भाषा कळते हे दाखवायचं नाही. दुभाष्याचं बोलून होईपर्यंत विचाराला वेळ मिळतो, आणि समोरचा आपसात काय बोलतो तेही कानावर पडतं. खात्यात ही सवय लागली ती लागलीच.

तांगसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. जेवायच्या काड्या बशीच्या कडेला जुळवून ठेवल्या. मग मुलीकडे न बघता, टेबलाकडे बघत ते चिनीत म्हणाले, "मूल बापाच्या घरचं. त्यांना देऊन टाक. तुझा नवरा भला आहे, त्याचे वडील शिकलेले आहेत. मी एकटा म्हातारा, माझं काय. वाद नको."

झालं, रमणरावांच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने पहिल्याच फेरीत हात टेकले होते. लीलावतीला काय आणि कसं सांगायचं तेही त्यांनी तेवढ्यात योजून टाकलं. आता फक्त जिंगने ते इंग्रजीत म्हणायचं होतं.

ओढणी सारखी करावी तशी जिंगने टेबलक्लॉथची घडी सारखी केली.

"माझे वडील म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली, "आई गेल्यापासून घरात कुणी नाही. माझ्यानंतरही कुणी नाही. सणाला तुमच्या घरी दहा माणसं जेवतात, त्यांच्याकडे एकच पान असतं. ते म्हणतात, हे मूल त्यांच्या मुलीने जन्माला घातलंय. ते तिच्याच माहेरी परक्यासारखं व्हिसाच्या रांगेत उभं राहू नये."

यातलं एक अक्षरही तांगसाहेब बोलले नव्हते. रमणराव सुनेकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत किती दुभाषे त्यांच्या शेजारी बसले, एकाचाही चेहरा त्यांना आठवत नव्हता. आणि स्वतःचं वाक्य टेबलावर ठेवणारा तर एकही भेटला नव्हता. आपण मघापासून या पोरीच्या मुलाबद्दल तिच्याच तोंडून वाटाघाटी करतोय आणि तिला काय हवंय हे दोघांपैकी एकाही म्हाताऱ्याने विचारलेलं नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

एक शब्द बोलायचा अवकाश होता. तुझे वडील असं म्हणाले नाहीत, एवढं म्हटलं की मूल पुण्याचं. लीलावतीने बाळासाठी कपाटाचा खालचा खण रिकामा करून ठेवला होता. दुपारची झोप सोडून तो तिने स्वतः पुसून घेतला होता.

रमणरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"वडिलांना सांग, मला मान्य आहे," ते म्हणाले. "बंटीचा पासपोर्ट तुमच्याकडचा काढा. घरी मी सांगेन."

जिंगचा चेहरा पांढरा पडला. मग वडिलांना ती चिनीत एवढंच म्हणाली की, त्यांनी तुमचे आभार मानलेत.

खोटं एकदा उच्चारलं की पुढची पायरी आपोआप येते, आणि ती उतरायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, हे रमणरावांना दिसत होतं. नंतर सावकाश बापाला समजावू असं तिने ठरवलं असणार. पण तांगसाहेब उठले. टेबलाला वळसा घालून आले. रमणरावही उठले, आणि त्या माणसाने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. टायरच्या कारखान्यात घट्टे पडलेले ते हात. त्यांचे डोळे भरून आले होते.

"उन्हाळ्यात एकदा तरी आणा त्याला," ते चिनीत म्हणाले. "नुसतं बघेन. ठेवून घेणार नाही."

हे जिंगने कुठल्याच भाषेत सांगितलं नाही. तिने मान खाली घातली होती.

रमणरावांना एकाएकी फार थकवा आला. त्याच्या हातून न सुटलेल्या मुलासाठी हा माणूस रडतो आहे आणि आपण समोर उभे राहून, काही कळत नसल्यासारखा चेहरा करून ते बघतो आहोत. हाच चेहरा घेऊन ते नोकरीभर बसले होते. त्यांनी दुसरा हात तांगसाहेबांच्या हातांवर ठेवला आणि अडखळत, चुकतमाकत, चिनीत बोलायला सुरुवात केली.

"मूल तुमच्याकडचंच राहणार आहे. तुम्ही दिलं होतंत, ते मला कळलं. पण तुमच्या मुलीला ते हवं आहे. तिने मागितलं, मी हो म्हटलं."

तांगसाहेब मुलीकडे वळले. जिंगने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं होतं. ती रमणरावांकडे बघेना, वडिलांकडेही बघेना. खालून बाबागाडी लिफ्टमध्ये घेतल्याचा आवाज आला.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. लीलावतीबाईंना धीर धरवला नव्हता.

"ठरलं का?"

"ठरलं."

"आपल्याकडे की त्यांच्याकडे?"

रमणरावांनी खुर्ची ओढली आणि जिंगच्या शेजारी बसले.

"जिंगकडे," ते म्हणाले.



"तिला फोन द्या," लीलावतीबाई म्हणाल्या.