नाव नसलेला डबा

शनिवार पेठेतल्या त्या स्वयंपाकघरात शर्मिला ओट्याखाली वाकून झुरळांच्या औषधाचे थेंब लावत होती. दुपारचा दीड वाजला होता. यज्ञेश्वरकाका खुर्चीत बसून तिच्या प्रत्येक थेंबावर नजर ठेवून होते.

"मागच्या खेपेला झुरळं मेली नाहीत हो. नुसती ओशाळली. चार दिवस तोंड दाखवलं नाही, इतकंच."

"या खेपेला मरतील, काका."

"बघू. त्यांचाही काही विचार असेल."

फोन वाजला. तनया. वय आठ, उन्हाळ्याची सुटी, कर्वेनगरच्या घरी एकटी.

"आई, साखर कुठं ठेवलीयस? डबा परत करायचाय."

"कुणाचा डबा?"

"आठव्या मजल्यावरच्या आजींचा. रोज दुपारी आपल्या दाराशी ठेवलेला असतो. परवा बेसनाचा लाडू होता, काल सांज्याची पोळी, आज खोबऱ्याची वडी. मी दोन्ही वेळा काहीतरी घालूनच वर नेऊन ठेवला हं. रिकामा नाही दिला."

आठव्या मजल्यावरचा फ्लॅट सहा वर्षं बंद होता. शर्मिलाच्या हातातल्या नळीतून औषधाचा एक लांबट, तपकिरी थेंब फरशीवर गळला.

"तनू, त्या डब्यावर नाव कुणाचं आहे?"

"तीच तर गंमत! माझंच आहे. आधी कोरा होता. काल पुसट ठिपके दिसत होते, आज नीट वाचता येतंय. फक्त शेवट राहिलाय. आई, सापडली साखर! ठेवते, आजी वाट बघतायत."

"तनू, वर जाऊ नकोस..."

फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, तर तो घरातल्या रिकाम्या टेबलावर वाजत असल्यासारखा नुसता वाजत राहिला. काकांनी काही विचारायच्या आत शर्मिला जिना उतरली होती.

झुरळं हा तिचा पोटाचा धंदा. खरं काम दुसरं. आई तुळजाबाईंनी अकोल्यात ते हयातभर केलं आणि जाताना लेकीला दिलं. बंद घरांमध्ये, जिथे वर्षानुवर्षं कुणी कुणाला काही वाढलेलं नसतं, तिथल्या पोकळीला हळूहळू भूक फुटते. त्या भुकेला तुळजाबाई रिता म्हणत. रित्याला हिसकावता येत नाही. त्याला फक्त दिलेलं मिळतं. म्हणून तो आधी देतो. नाव नसलेल्या स्टीलच्या डब्यातून काहीतरी गोड पाठवतो आणि माणसाच्या चांगुलपणाची वाट पाहतो. डबा भरून परत गेला की त्यावर देणाऱ्याचं नाव उमटू लागतं. तिसऱ्या वेळी नाव पुरं होतं आणि डब्यामागोमाग माणूसही जातो.

हे सगळं भर दुपारी घडतं, एक ते चार, जेव्हा हे शहर दारं लोटून आडवं होतं. पहिलाच डबा रिकामा परत गेला, तर रिता उपासाने विरतो. पेठांमध्ये म्हणूनच तो टिकत नसे, तिथे दार अर्धवट उघडून आधी "काय काम आहे?" विचारतात. नव्या सोसायट्यांतली माणसं मात्र एकमेकांशी भीतभीत गोड वागतात.

आणि तिने, जिला हे सगळं ठाऊक होतं, तिने स्वतःच्या लेकीला नेमकं उलट शिकवलं होतं. भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची. नवरा नसलेल्या बाईच्या मुलीला वळण नाही, असं लिफ्टमध्ये कुणी कुजबुजू नये म्हणून. राक्षसांपेक्षा शेजाऱ्यांना ती जास्त भ्याली होती.

म्हात्रे पुलावर ऊन पांढऱ्या राखेसारखं पडलं होतं. स्कूटर चालवताना तिने कानातल्या यंत्रावरून आमोदला फोन लावला. तो पाचव्या मजल्यावर राहत होता, तिच्या बरोबर वर.

"तनया आठव्यावर गेलीय. डबा घेऊन. तिसरा."

आमोदचा थंड, सावकाश आवाज आला. "मी निघतो."

"तुम्ही वर जाऊ नका. फक्त जिन्यात गाठा तिला."

"शर्मिला, तुम्ही समोर बघून गाडी चालवा."

दोन वर्षांपूर्वी वाळवीचं औषध मारायला ती त्याच्या घरी गेली होती. ओट्यावर डबा होता, आमोदचं नाव अर्ध्याहून अधिक उमटलेलं. तिने तो हिसकावला. माणूस वाचला, पण अर्धाच. अर्धं नाव उमटल्यावर डबा तोडला, तर जे तिकडे गेलं ते तिकडेच राहतं. आमोदला तेव्हापासून चव कळत नव्हती. त्याचे हात मे महिन्यातही माठासारखे गार असत. स्टीलच्या ताटात त्याचं प्रतिबिंब पडत नसे. तो आमटी करून आणायचा, तनया चाटून सांगायची, "काका, मीठ विसरलात," आणि तो इतका मनापासून लाजायचा की शर्मिला ताट घासता घासता त्यात आपल्या चेहऱ्याशेजारची मोकळी जागा उगाच पाहत राहायची. तनया किल्ली विसरते म्हणून तिने त्याला घराची एक किल्ली देऊन ठेवली होती. एवढंच त्यांचं प्रेम; एक किल्ली आणि दोन्हीकडून "अहो".

त्याचा डबा तिच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांमागे होता. तो वितळत नव्हता, चेपत नव्हता. आज तनयाच्या हातून डबा काढून घेतला, तर तनयाही अशीच उरेल. आठ वर्षांची, गार, बेचव. तुळजाबाईंनी एकच उपाय सांगितला होता आणि तो सांगताना त्या भिंतीकडे पाहत होत्या. रित्याचं पोट एका नावाचं असतं. कुणा एकाचं नाव पुरं झालं, की बाकीची सुटतात.

सोसायटीच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. लिफ्ट आठव्यावर जाऊन थांबली होती आणि बटण दाबूनही खाली येईना. ती जिन्याने धावली. चौथ्या मजल्यावर तिच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत शिडी माळ्याला लावलेली, लोणच्याची एक बरणी फुटून तेल फरशीभर पसरलेलं. तिला सगळं समजलं. पाय मात्र थांबले नाहीत.

आठव्या मजल्यावरच्या दाराचं कुलूप तसंच लटकत होतं, आणि तरीही दार उघडं होतं. आत अंधार नव्हता. आत काहीच नव्हतं, पांढऱ्या भिंतीसुद्धा नाहीत. धुतलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूसारखी एक उजळ, गोल पोकळी. उंबऱ्यावर तनया उभी होती, डबा पुढे धरून. तिच्या चपला बाहेर नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

"ये गं बाळ," आतून म्हातारा, प्रेमळ आवाज आला. "किती छान वळण लावलंय आईनं."

शर्मिलाने झडप घालून लेकीला कमरेत धरलं आणि मागे ओढलं. डबा जिन्यात पडला, झाकण उडालं, साखर पायऱ्यांवरून सांडत गेली. पण तनयाचा हात तिच्या हातात थंड पडत चालला होता.

"आई, मला साखरेचा वास का येत नाहीये?"

"दोनदा दिलंत," आवाज म्हणाला. "तिसरं द्यावं लागेल. अर्धवट बरं नाही दिसत."

"दोनदा मीही दिलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

आमोद लिफ्टशेजारच्या भिंतीला टेकून उभा होता. हातात त्याचा डबा, अंगठ्याला लोणच्याचं तेल. "माझं दोन वर्षांपूर्वीचं आहे. रांगेत मी आधी उभा आहे. मध्ये कुणाला घुसू देणार नाही."

"आमोद, नका. अहो, काहीतरी दुसरं..."

"दुसरं असतं, तर तुम्ही मला दोन वर्षांत सांगितलं असतंत." तो हसला. "तो माझ्याच वासावर या इमारतीत थांबलाय. मला कळत होतं. पण इमारत सोडली असती, तर माझी आमटी कुणी चाखली असती?"

शर्मिलाने एक हात पुढे केला. दुसऱ्या हातात तनया होती, आणि तो हात तिने सोडला नाही. आमोदने ते पाहिलं आणि मान हलवली, जणू तिने बरोबर उत्तर दिलं होतं. त्याने खिसे चाचपले. डबा रिकामा चालणार नव्हता. आत काहीतरी आपलं हवं होतं. खिशात एकच वस्तू होती. ती त्याने डब्यात टाकली तेव्हा बारीक खणखण झाली.

तिच्या घराची किल्ली.

"कुलूप आजच बदल, शर्मिला," तो म्हणाला. तो तिला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारत होता. "आजच. आळस करू नकोस."

तो उंबरा ओलांडून आत गेला. जाताना त्या उजळ, वक्र पोकळीत त्याचं प्रतिबिंब पडलं, संपूर्ण, खांद्यापासून पायापर्यंत, आणि ते त्याच्याकडेच चालत येत होतं. मग दार मिटलं. कुलूप तसंच होतं, सहा वर्षांच्या धुळीसकट.

तनया हुंदके देऊ लागली. तिचा हात गरम झाला होता. तिने गालावरचं पाणी जिभेने टिपलं. "खारट आहे," ती म्हणाली. पायऱ्यांवरचा डबा कोरा करकरीत होता.

शर्मिलाने त्याच संध्याकाळी कुलूप बदललं. कारागीर म्हणाला, "ताई, जुनं तर चांगलं होतं." तिने नव्या किल्ल्या मोजून घेतल्या आणि दोन्ही आपल्याच गळ्यात अडकवल्या.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली नाही. मायलेकी जेवायला बसल्या होत्या. दीड वाजला. दाराच्या कुलपात किल्ली शिरल्याचा आवाज आला. ती फिरेना. बाहेर काढली गेली, पुन्हा घातली गेली, अतिशय सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखी. मग उंबऱ्याशी स्टीलचं काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि दारापलीकडून आमोद म्हणाला, "तनू, आमटी आणलीय. मीठ बघून सांग."

तनयाने आईकडे पाहिलं. "काका आलेत. आई, त्यांना निदान पाणी तरी देऊ या?"

समोरच्या ताटात शर्मिलाला आपला चेहरा दिसत होता आणि त्याच्या शेजारी, आज पहिल्यांदाच, आणखी एक.

तिने ताट पालथं घातलं.

"काय काम आहे?" ती दाराकडे तोंड करून, शक्य तितक्या तुटक आवाजात ओरडली. "आमच्याकडे द्यायला काही नाही."

मग किल्ली पुन्हा कुलपात शिरली.