ओल्या लाकडाची थाप

‘नव्यासारखं’ हा शब्द ज्यानं पहिल्यांदा तोंडातून काढला, तो मला कोळवणच्या रस्त्यावर एकदा भेटावाच. कुंपणं धुवायचं आमचं जोराच्या पाण्याचं मशीन त्याच्या तोंडावरच धरतो.

थापा मारण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मुळशीत नाही. घोटावड्यात मी एक लाकडी कुंपण इतकं घासलं, इतकं घासलं, की फळ्यांना पालवी फुटली. मालकाला फाटकच सापडेना. बिचारा आंबे बाजूला सारत बाहेर आला. हे मी कुणालाही सांगतो, लोक हसतात, पण त्यावर भुलून कुणी काम दिल्याचं आठवत नाही. माझ्या थापेची पालवी लांबूनच दिसते. माझा लेक हनुमंत मात्र बारीक खोटं बोलतो, आणि ते लोकांना खरं वाटतं.

धंदा माझ्या सुनेचा, सुलक्षणाचा. शहरातल्या लोकांच्या फार्महाऊसची लाकडी कुंपणं धुऊन द्यायची. आमचा पाऊस चार महिने झोडपतो, कुंपणं हिरवी-काळी पडतात. तिचा नियम एकच: आधी एक फळी धुवायची, ती पुरती वाळू द्यायची, मालकाला दाखवायची, तो हो म्हणाला तरच पुढची. कारण ओलं लाकूड माझ्याहून थापाडं. भिजलं की मधासारखं पिवळं दिसतं. वाळलं की कळतं, घाण गेली पण वय तिथंच आहे. फिकट, राखाडी.

बावधनच्या चंद्रकांत साहेबांचं कोळवणात फार्महाऊस आहे. रविवारी तिथं त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. सुलक्षणा दुसऱ्या कामावर होती म्हणून हनुमंत गेला. त्यानं एक फळी धुतली, ओली असतानाच फोटो काढून साहेबांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सगळं नव्यासारखं करून देतो.’ साहेब खूश. कुंपण धुऊन झालं. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी ते बघायला आले, तेव्हा आम्ही तिघंही तिथंच होतो आणि कुंपण खडखडीत वाळलेलं.

“हे काय आहे?” गाडीचं दार उघडंच टाकून साहेब ओरडले. “फोटोत काय, इथे काय! हे तर म्हातारं दिसतंय!”

म्हाताऱ्यांच्या नावानं ओरडलेलं मला खपत नाही. पण त्या माणसाचा राग खरा होता.

सुलक्षणानं त्यांच्या मोबाईलवरचा फोटो पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. “वल्ल्या फळीचा फोटू पाठीवला तुमी?”

“अगं, साहेब घाईत हुते...”

“मी काय इचारलं?”

“व्हय.”

“साहेब, चूक आमची हाय,” ती दात आवळून म्हणाली. “तुमी बगितला त्यो रंग पाण्याचा.” तिनं बादली उचलून सपकन फळीवर रिकामी केली. फळी पिवळीधमक झाली.

“मग हेच पाहिजे मला!”

“तर मंग पाव्हण्यांना छत्र्या द्या. साखरपुडा हुईस्तवर पाणी मारत ऱ्हाते.”

“थट्टा करताय? फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपवर आत्ता लिहितो. बघू, या खोऱ्यात तुम्हाला कोण काम देतं!”

तिचं सगळं काम त्याच ग्रुपवरून यायचं. सुलक्षणाचा चेहरा पडला. तेवढ्यात हनुमंतानं मशीन ओढलं. “थांबा साहेब, जवळनं मारतो. राखाडी निगतंय का न्हाई बघा.”

“मारा!”

“अवो, नका!” सुलक्षणा धावली. पण मोटर सुरू झाली होती. हनुमंतानं मशीनची गन फळीला जवळजवळ टेकवलीच. लाकूड पिंजत गेलं. मधे बोट जाईल एवढी खाच पडली आणि दोन्ही बाजूंनी धागे उभे राहिले, भिजलेल्या कुत्र्याच्या पाठीसारखे.

तिनं प्लग उपटला.

“झालं नव्यासारखं?” तिनं नवऱ्याला विचारलं. आवाज इतका बारीक, की त्यापेक्षा तिनं शिव्या घालायला पाहिजे होत्या. मग साहेबांकडे वळली. “ही फळी मी बदलून देते. बाकीच्या अशा करू का ऱ्हाऊ देऊ, तेवढं बोला. आन् ग्रुपवर काय लिवायचं ते लिवा, पर वाळलेलं बघून लिवा.”

साहेबांनी राखाडी फळीवरून हात फिरवला. मग केसाळ फळीवरून फिरवला आणि झटकन मागे घेतला. बोटात लाकडाचं कुसळ गेलं होतं.

“राहू द्या. हात लावू नका आता कशाला,” म्हणाले आणि दार आपटून गेले.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी लिहिलं: ‘शेवाळ गेलं. बाई भांडखोर आहे. फोटोवर जाऊ नका, कोरडं झाल्यावर बघा.’

आम्ही म्हटलं, संपलं. पण आठवडाभरात एका बाईंचा फोन आला, “कोरडं झाल्यावर दाखवतात त्या भांडखोर बाई तुम्हीच का?”

आता ती केसाळ फळी आमच्या टेंपोत असते. कुणी ‘नव्यासारखं’ म्हणालं की सुलक्षणा ती त्याच्या मांडीवर ठेवते. हनुमंत फक्त बादल्या उचलतो. ती अजून त्याच्याशी धड बोलत नाही, आणि मीही मध्ये पडत नाही. मला तिनं निराळं काम दिलंय.

“मामा, फळी वाळंस्तवर मालकाला बशीवून ठेवा. काय बी थापा मारा, फकस्त लाकडाचं नाव काढू नका.”

परवा मी घोटावड्याच्या आंब्यांवर घसरलोच होतो. तिनं लांबूनच ती फळी उचलली. मी मुकाट म्हशींच्या थापांवर आलो.