न लावलेली कानस

कुंभकोणमच्या सोनारआळीत हिंदुराव बाबरांना नावानं कोणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते 'मराठी सेट', म्हणजे शेठ. विट्याकडून सतराव्या वर्षी चुलत्याच्या भट्टीवर आले, सोनं गाळायला आणि त्याचा कस लावायला शिकले आणि साठ वर्षांत इथलेच होऊन गेले. लग्न ठरलं की मुलाकडची माणसं मुलीचे दागिने घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. सेटनी काळ्या दगडावर रेघ ओढून 'बावीस' म्हटलं की पुढं कोणी तोंड उघडत नसे.

आता कसला ओटा नि कसलं काय! समोरच्या काचेच्या दुकानात यंत्र आलं होतं. दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, अर्ध्या मिनिटात चिठ्ठी हातात. हिंदुराव रोज दुकान उघडत ते दिवसभर घरात बसलं तर सून कावते म्हणून.

त्या सकाळी पायरीवर तिलकवती येऊन उभी राहिली. विश्वलिंगम आसारीची ही एकुलती एक मुलगी. विश्वलिंगमला जाऊन दोनच महिने झाले होते. हिंदुराव अंत्ययात्रेत अगदी मागून चालले होते, पण त्या घरात पाऊल टाकायचा धीर त्यांना झाला नव्हता.

कारण अडतीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

त्याआधीची बारा वर्षं मात्र काय होती! विश्वलिंगम म्हणजे आळीतला पहिल्या नंबरचा कारागीर आणि पहिल्या नंबरचा तोंडाळ. रोज सकाळी येऊन ओट्यावर ठाण मांडायचा. "ज्वारी खाणाऱ्याला सोन्यातलं काय कळतं रे?" हे त्याचं रामराम. "भात हादडून दुपारभर घोरणाऱ्याला तरी काय कळतं?" हे हिंदुरावांचं. आषाढात कावेरीला पाणी आलं की दोघं धोतरं खोचून घाटाच्या पायरीवर बसत आणि एकमेकांच्या बायकांच्या स्वयंपाकाची निंदा करत. हिंदुरावांना गावाकडची आठवण यायची ती थांबली, ती या माणसामुळे.

मग तिलकवतीचं लग्न ठरलं. विश्वलिंगमनं स्वतःच्या हातानं कोयरीहार घडवला. मुलाचा मामा हार घेऊन ओट्यावर आला, सोबत विश्वलिंगम. हार हातात घेताच हिंदुरावांना खटकलं. रंग फारच उजळ होता. मीठ, तुरटी आणि सोरा घालून उकळलं की वरचं तांबं निघून जातं, दागिन्याच्या अंगावर चोख सोन्याचं पातळ कातडं तेवढं राहतं आणि दगडावरची रेघही त्या कातड्याचीच उमटते. खरं बघायचं तर आधी कानशीनं घासून आतलं सोनं उघडं करावं लागतं. हिंदुरावांनी कानस उचलली. समोर विश्वलिंगम उभा होता, कधी नव्हे तो गप्प. हिंदुरावांनी कानस खाली ठेवली, हार तसाच दगडावर ओढला आणि म्हणाले, "बावीस."

दुसऱ्या दिवसापासून विश्वलिंगम यायचा थांबला. समोरून आला तर गल्ली बदलायचा. हिंदुरावांनी मनाशी एकच गाठ बांधली, की आपण कानस उचललेली त्यानं पाहिली, मित्रावर संशय घेतला हे त्याच्या जिव्हारी लागलं. चूक आपलीच, कानस उचलायलाच नको होती. पण जाऊन माफी मागायची म्हटली तर 'माझ्या मनात संशय आला होता' हे कबूल करावं लागणार. तिथंच गाडं अडायचं, आणि ते अडतीस वर्षं अडलेलंच राहिलं.

"मामा, ओळखलंत ना?" तिलकवतीनं पिशवीतून हार काढला. "माझ्या धाकटीचं लग्न आहे. तिला द्यायचाय. कस लावून द्या."

"आगं, ह्याचा कस मी लावलाय की. पुन्यांदा कशाला?"

"समोरच्या यंत्रानंही बावीसच सांगितलंय. ही चिठ्ठी."

"मग झालं तर! यंत्र आन् मी एकच बोलतोय. माझं काय काम?"

"यंत्र वरवरचंच बघतं. कानस लावून बघा."

हिंदुराव चपापले. "कुणी सांगितलं तुला कानशीचं?"

"अप्पांनी. जायच्या आधी चार दिवस. म्हणाले, हार पुढं कुणाला द्यायच्या आधी मराठी सेटकडे ने आणि कानस लावायला सांग. दुसऱ्या कुणाकडे नेऊ नकोस."

हिंदुरावांनी हार घेतला. एका कोयरीच्या पाठीवर त्यांनी चार वेळा कानस ओढली, उघडं पडलेलं सोनं दगडावर घासलं, शेजारी बावीस कसाच्या नमुन्याच्या सळईची रेघ ओढली आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. सळईची रेघ जागेवर राहिली. हाराची डोळ्यांदेखत फिकी होत गेली. अठराच्या वर जराही नव्हतं.

क्षणभर त्यांना वाटलं, बावीसच सांगावं. मेलेल्या माणसाची लाज राखली तर कुणाचं काय जातंय? पण त्यानं स्वतःच तर लेकीला इथं पाठवलं होतं.

"अठरा हाय, पोरी."

तिलकवती दचकली नाही. "माहीत आहे मला. आईच्या आजारपणात सोनं गेलं होतं. हाराचं वजन तर मुलाकडच्यांना कबूल केलेलं. अप्पांनी तांबं घातलं आणि वरून रंग चढवला. चिठ्ठीवर अठराच लिहून द्या. व्याह्यांना मी खरं काय ते सांगणार आहे."

हिंदुरावांनी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. मग त्यांनी विचारलंच, "त्यो माझ्याकडं यायचा का थांबला?"

"लाजेनं, मामा. दुसरं काय? कितीदा तरी घरून निघायचे, कोपऱ्यापर्यंत यायचे आणि तुम्ही ओट्यावर दिसलात की माघारी फिरायचे. शेवटी शेवटी तर एकच घोकत होते, की त्यानं कानस उचलली आणि माझं तोंड बघून खाली ठेवली. इतका विश्वास टाकला माझ्यावर, आणि मी त्यालाच फसवलं."

हिंदुरावांना रडू फुटलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण त्यांनी तोंडसुद्धा लपवलं नाही.

"विश्वास न्हवता गं त्यो," ते म्हणाले. "मी वळखलं हुतं. हार हातात घेतला तवाच वळखलं हुतं. तुझं लगीन मोडू नये म्हणून ठेवली मी कानस."

तिलकवतीनं चिठ्ठीची घडी केली आणि हार पिशवीत ठेवला.

"मग हे अप्पांना एकदा सांगायचं नाही का, मामा?"